खालचा थर

डॉक्टरांनी चहा बंद केला त्या संध्याकाळी
बाबा दांडिया बाजारातून चालत घरी आले,
वाटेतल्या एकाही लारीकडे न बघता.
जेवताना म्हणाले,
"तू मुलांना शिकवतेस ना, चहातून ते काढायला?
मग माझ्या कपातलं काढून दे.
उरलेला मी पितो."

मी समजावलं. आम्ही सोडा घालतो.
मग एक द्रावक, ज्याची वाफ नाकात जाऊ द्यायची नाही.
उरतं त्याला चहा म्हणत नाहीत, बाबा,
ते मोरीतसुद्धा ओतत नाहीत,
मफतभाई त्याचा वेगळा कॅन ठेवतात, लाल झाकणाचा.

"नंदेसरीला एवढे कारखाने," ते म्हणाले,
"आणि एवढं एक काम होत नाही."
ताटात हात धुतला.

गुरुवारच्या बॅचला मी आमच्याच डब्यातली भुकटी नेली.
दहा ग्रॅम. सोड्याच्या पाण्यात वीस मिनिटं उकळ.
प्रयोगशाळेला क्षणभर स्टेशनवरच्या पहाटेचा वास आला.
गाळून, गार करून, नरसाळ्यात ओतलं,
ते उंच काचेचं, खाली तोटी असलेलं.
द्रावक घातलं. ते जड, तळाशी बसतं.
हलकेच उलटं करा, मी सांगत होते, तोटी उघडून वायू सोडा,
घुसळू नका, ताक नाही ते.
झंखनानं घुसळलं.
तिचा मधला थर फेसाचा झाला, तासभर फुटेना,
ती त्याच्याकडे बघत बसली, रुसलेल्या मांजराकडे बघावं तशी.

रंग वर राहिला, सगळा.
तुरटपणाही वर, सोड्याशी बांधलेला.
खाली आलं ते जवळजवळ पाण्यासारखं.
सुकवलं, हूडखाली उडवून लावलं,
चंचुपात्राच्या बुडाला हिरवट पापुद्रा उरला,
तो तापवला
आणि वरच्या बर्फाच्या नळीवर
पांढऱ्या सुया उगवल्या,
कापसाच्या, पण टोकं असलेल्या.
एकशे चाळीस मिलिग्रॅम.
(झंखनाचे बहात्तर. वहीत तिनं नव्वद लिहिले, मी खोडलं नाही.)

बंद कुपी घरी आणली, फक्त दाखवायला.
बाबांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली.
"हे?"
हे.
"एवढ्यावर?"

एकतीस वर्षं विश्वामित्रीच्या केबिनमध्ये.
रात्रपाळीला चार कप, स्टोव्हवरचे,
पाचवा सकाळी सहाला, घरी येऊन झोपायच्या आधी,
ज्यावरून आई भांडायची.
वीजबिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
कपाला चाळीस, रात्रीला एकशे साठ,
वर्षाच्या अडीचशे रात्री.
सव्वा किलो होतं, बाबा.
पाचवा कप धरलेला नाही.

ते हसले. "म्हणजे साखरेची एक थैली."
मग बराच वेळ गप्प.
"आणि एकही गाडी दुसऱ्या गाडीच्या वाटेत नाही आली."
हे ते मला सांगत नव्हते.

आता कुंडीतला गवती चहा उकळून देते.
"काढा दिलास, चहा कधी?" विचारतात,
आणि कप धुवून उपडा ठेवतात.
औषधं घेतात. दहाला दिवा मालवतात.
दोन वाजून दहा मिनिटांनी मालगाडीची शिटी येते
तेव्हा त्यांच्या खोलीत खाट कुरकुरते.
दीड महिना झाला. रक्तात त्या सुयांपैकी
एकसुद्धा नसणार, हे मला कागदावर ठाऊक आहे.

काल मीही जागी होते, पेपर तपासत.
दारात येऊन उभे राहिले, चष्म्याशिवाय.
"ते तुझं नरसाळं.
खालचं सोडतेस, तेव्हा तोटी नेमकी कधी बंद करायची?
कसं कळतं?"
दोन थरांमधली रेघ खाली येते, मी म्हटलं.
तोटीजवळ पोचली की. त्याआधी नाही, नंतर नाही.
"खूण असते काही? घंटी वगैरे?"
नाही. बघत राहायचं.

"हं," म्हणाले. "मग बरोबर आहे,"
आणि पाणी पिऊन
परत जाऊन पडले.