रुमालाखाली

गुरुवारी रात्री साडेआठला
मार्केट यार्डातल्या आवटींच्या गोदामाचं शटर
आम्ही अर्धंच वर करतो,
वाकून आत शिरतो, परत खाली ओढतो.
हळदीची पोती एका अंगाला सारलेली.
समोरची भिंत हाच पडदा.
तिला दोनदा चुना दिला,
तरी एकोणीसच्या पुराची रेघ
चुन्याखालून वर येतेच,
माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, विटकरी.

त्यामुळं आमच्या प्रत्येक जपानी सिनेमाला
एक क्षितिज जास्तीचं आहे.
कोरियातल्या बर्फातून ती जाते,
तैवानच्या भातखाचरांतून,
हाँगकाँगच्या मासळीबाजारात
ट्यूबलाइटच्या बरोबर खालून.
आधी खुपायची.
आता घरी मोबाइलवर बघताना
मी रेघ शोधतो.

आम्ही चौघं, कधी तिघं.
एस्थर सातपुते मिरजेहून येते, वॉर्डातली ड्यूटी उरकून,
बूट काढते, पोत्यावर पाय पसरते,
विसाव्या मिनिटाला झोपते.
"झोपेतपण बघते मी," म्हणते,
आणि शेवट विचारला तर बरोबर सांगते.
हुसेन सतारमेकर तर डोळे मिटूनच बसतो.
कुठं तार वाजली की पुटपुटतो,
"कातड्यावर चढवलीय. भोपळा न्हाई."
रंगीत, नवा, गाड्या उडवणारा सिनेमा लागला
की तो बाहेर जाऊन भडंग घेऊन येतो.

जिनदत्त आवटी, आमचे अण्णा, गोदामाचे मालक.
त्यांना इंग्रजी येत नाही.
म्हणून खालच्या ओळी मी मोठ्यानं वाचतो, मराठीत.
दिवसा मी वजनकाट्यावर पावत्या फाडतो,
माझी मराठी तेवढीच.
तलवार उपसलेला सरदार माझ्या तोंडून विचारतो,
"काय करायलाईस रं?"
सेऊलमधली पोरगी नोकरी सोडताना साहेबाला म्हणते,
"जावा तिकडं."

एका गुरुवारी ओळीच आल्या नाहीत.
काळापांढरा सिनेमा, फार जुना.
बुटकं मेज, दोन भाऊ,
बापाची होडी विकायची की नाही.
कॅमेरा पंगतीला बसल्यासारखा जमिनीलगत,
आणि कुणी उठत नाही.
किटलीची वाफ. भिंतीपलीकडं समुद्र असावा.
मी चुळबुळलो,
"अण्णा, ओळी न्हाईत. बंद करू?"

"थांब."

चाळीस वर्षं या माणसानं
रुमालाखाली हात घालून हळदीचे भाव केले.
बोटं धरायची, दाबायची, सोडायची,
तोंडानं पाव्हण्यारावळ्यांची चौकशी चालूच.
आता भाव स्क्रीनवर येतो.
रुमाल खांद्यावर आहे, नुसता.

"धाकटा न्हाई म्हणाला," अण्णा हळूच बोलले.
कधी? त्याचे तर ओठ हलले नव्हते.
"थोरल्यानं कप उचलला न्हाई, बघितलास?
तिथं तुटला सौदा."
मग बराच वेळ काही नाही.
एस्थरचा श्वास. बाहेर कुत्रं.
"आता तोच देईल बघ."

आणि धाकट्यानं आपला कप
चार बोटांनी
रेघेखालून थोरल्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी ओळी सापडल्या मला.
त्या सबंध सहा मिनिटांत दोनच होत्या:
"चहा गार झाला."
"असू दे."
अण्णांना अजून सांगितलं नाही.

त्या रात्री मात्र शटर ओढताना
त्यांनी माझा हात धरला, वर रुमाल टाकला,
आणि दोन बोटं दाबली, मग एक, अर्धवट.
कितीचा भाव, मला कळलं नाही.
कशाचा, तेही नाही.
हुसेन म्हणाला, चला,
एस्थरची शेवटची बस गेली,
तिला स्कूटरवर सोडायला पाहिजे.