चुरा

रुवीच्या मोठ्या दुकानात मी पाकिटं
कानाशी धरून हलवते.
बारीक चुरा नुसता सरकतो, झोपेतल्यासारखा.
जाड, पांढरा खुळखुळतो,
सुक्या शेंगेतल्या बियांसारखा.
तिसरा आधीच सोनेरी. त्याला फसले होते एकदा:
तेलात पडताच बाहेरून कोळसा,
आत सुरमई कच्ची.

तळायला जाडच. कोरा, वाळलेला,
अंड्यात बुडवून हलक्या हाताने दाबलेला.
ओव्हनचं निराळं.
कढईसारखा तो अंगावर धावून येत नाही,
लांबून बघत बसतो.
म्हणून चुरा आधी लोण्यात परतायचा
गव्हाळ रंगावर, मग फ्लॉवरवर पसरायचा,
नाहीतर तासाभरानेही फिकाच,
आजाऱ्याच्या तोंडासारखा.

हे शिकले त्या वर्षी, रमजान ऐन उन्हाळ्यात आलेला,
उपेंद्रचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं,
आणि घरभाडं कटलेटांवर काढायचं होतं.
साठ नगांची ऑर्डर, इफ्तारच्या आधी पोचवायची.
तीन वाजता डबा उघडला तर चुरा सादळलेला,
मुठीत धरला की गोळा होत होता.

खाली गल्लीत, कचऱ्याच्या पेटीशेजारी,
खिळ्याला एक पिशवी लटकलेली असते.
शिळे खुबूस. अन्न पेटीत टाकत नाहीत इथे,
कुणीतरी बकऱ्यांसाठी घेऊन जातं.
मी पिशवीसमोर उभी. हात पुढे, हात मागे.
दारातून उम्म हिलालने विचारलं,
"बकरी रखा तुम?"
"एक है," मी म्हटलं,
"आजकल घर पे ही रहता है."

ती हसली नाही. आत गेली,
स्वतःच्या ओट्यावरचे कालचे खुबूस घेऊन आली,
फडक्यात गुंडाळलेले.

गच्चीवर ताटात पसरले.
मस्कतचं ऊन, वीस मिनिटांत पापड.
उपेंद्र वर आला, ऑफिसचाच शर्ट घातलेला
(रोज घालायचा, बाहेर जायचं नसलं तरी),
आणि लाटण्याने कुटायला बसला.
मग चाळणी मागितली.
वर राहिलं ते एका पातेल्यात,
खाली पडलं ते दुसऱ्यात,
त्याच्या जुन्या गोदामातल्या मालासारखं
दोन्हीवर चिठ्ठ्या लावल्या: तळण. भट्टी.
असरची अजान झाली तेव्हा लक्षात आलं,
दुपारभर त्याने फोन पाहिला नव्हता.

साठातली सहा फुटली. ती आम्ही खाल्ली,
उभ्याउभ्याच, सिंकपाशी.

आता पैशांचं बरं आहे.
जाड चुऱ्याचं पाकीट सहज परवडतं,
तरी अजून हलवून, ऐकून, परत ठेवते.
गल्लीत शिरले की
उम्म हिलाल खिडकीतून ओरडते,
"बकरी कैसा है?"
सोहारला असतो, सांगते.
गुरुवारी रात्री येतो.