गोळा खाली, पाणी वर

टाकीच्या अंगावरून बाहेर एक तार लोंबते,
तारेच्या टोकाला तोफेचा गोळा.
आत पाणी चढलं की तरंगा चढतो,
बाहेर गोळा उतरतो.
एवढंच यंत्र. अजून बिघडलं नाही.

भरमाण्णा मुचंडीकर, वॉलमन,
सत्तावीस वर्षं या टेकडीवर.
म्हणतो, पाया खणताना माझ्या बाला तीन गावले.
एक साहेबानं नेला, टेबलावरचे कागद दाबायला.
एक भंगारात गेला, साडेचार किलो भरला.
ह्याला भोक पाडताना
शहापूरच्या लोहाराची दोन गिरमिटं मोडली.

टेकडीला नावं दोन.
खालच्या आळीला तोफमाळ,
पलीकडच्या उताराला गुंडिन गुड्डा.
अर्थ एकच, असं शांतव्वा ताकवाली दोन्ही भाषांत सांगते
आणि दोन्हीकडची उधारी तोंडपाठ ठेवते.

पायथ्याच्या पाटीवर लढाईचं साल होतं.
एका रात्री कुणी डांबर फासलं,
पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी, राहिलेल्या अक्षरांवर.
आता पाटी नुसती काळी.
पोरं तिच्यावर खडूनं
क्रिकेटचा स्कोअर मांडतात.

कोण वर होतं, कोण खाली,
कुणाचा पगार कुणाकडं थकलेला,
भरमाण्णाला ठाऊक नाही.
मी दप्तरात शोधलं. चार ओळी मिळाल्या.
वरच्यांचं पाणी आठव्या दिवशी संपलं.
नवव्या दिवशी टेकडी पडली.
बैल मेले एकवीस.
माणसांच्या आकड्यावर वाळवीचं भोक.

चैत्रात नळाला पाचव्या दिवशी पाणी.
उजाडायच्या आत खालच्या आळीतली दारं वाजतात,
द्रौपदी काकतकर कमरेवर घागर घेऊन
मान वर करून ओरडते,
"गोळा कुठवर आलाय गा?"
वरून भरमाण्णाचा हात. अर्ध्यावर.

काल टाकी भरली होती,
गोळा माझ्या छातीपर्यंत उतरलेला.
गार. दवानं ओला.
कुणाच्या तोफेचा, ते हाताला कळेल असं वाटून
मी दोन्ही तळव्यांत धरून तो थोडा उचलला.
थोडा आणखी.

"सोड की त्याला!" भरमाण्णा धावत आला.
"तू वर उचलतोस,
आणि खालनं बघणाऱ्याला टाकी रिकामी दिसत्या."

मी सोडला. तार थरथरली.
तोवर खाली कुणीतरी
घागर उपडी करून घरात वळलं होतं.