आडवा पाऊस

मी कागदाला तुरटी-सरसाचा हात देते.
कागद हावरा असतो, सगळा रंग एका घोटात पितो,
त्याची तहान आधी थोडी मारावी लागते.
एवढंच माझं काम.

पलीकडे माझा नवरा, इसाबुरो,
रानचेरीच्या फळीवर वाकलेला.
चाळीस वर्षं पाऊस कोरतोय.
पाऊस कोरायचा म्हणजे
पाऊस सोडून बाकी सगळं काढून टाकायचं;
केसाएवढी तिरपी रेघ तेवढी उभी ठेवायची.
त्याच्या पावसात पूल भिजले, हमाल भिजले,
सुमिदाकाठचे बगळे भिजले,
रेघ कधी तुटली नाही.

परवा प्रकाशक आला.
डोक्यावर गोल हॅट, पायात मात्र खडावाच.
म्हणाला, बगळा राहू दे, अजून खपतो.
मागे तारेचे खांब घाला.
आणि सूर्यास्त त्या नव्या लालीत,
बाटलीतून जहाजाने येते ती.

ती लाली बोटाला लागली की तीन दिवस निघत नाही.
आमची करडईची लाजायची.
ही ओरडते.

इसाबुरोने रात्रभर तार कोरली.
पहाटे म्हणाला,
"पाऊसच आहे गं. आडवा झालाय, इतकंच."

तार लाकडाच्या धाग्याबरोबरच धावत होती, कोरायला सोपी.
म्हणूनच की काय,
दोनशे बाराव्या कागदाला ती तुटली,
बगळ्याच्या चोचीपासून बोटभर अंतरावर.
तोमेझो छापता छापता थांबला.
इसाबुरोने फळी उजेडात धरली, फटीवर अंगठा फिरवला.
नवा तुकडा बसवता आला असता. असे कितीतरी बसवलेत त्याने.
"छाप," म्हणाला, आणि तंबाखू ओढत बसला.

प्रकाशकाने कागद मोजले. पाहिले नाहीत.

एदोला आता टोकियो म्हणायचं असतं.
आमच्या गल्लीतूनही तार गेलीय, वाऱ्यात गुणगुणते.
शेजारच्या ओ-तात्सूने तिच्यावर गवती वहाणांचा जोड टांगला,
योकोहामाच्या गोदीत तिचा लेक आहे, त्याला पोचेल म्हणून.
गल्ली हसली. मीही हसले.
सकाळी जोड नव्हता.
ओ-तात्सू सगळ्यांना सांगत फिरली, पोचला!

फुटक्या तारेचा एक कागद मी ठेवून घेतलाय.
त्या तारेवरून निघालेले निरोप
फटीपाशी आले की कुठे जात असतील?
पाण्यात पडत असतील, बगळ्याच्या पायाशी.
तो तसाच, एक पाय उचललेला,
मासा आहे की काय, बघत.

सरस करपल्याचा वास येतोय.
उठते.