तिसरा रकाना

सावंतवाडीच्या लॅबमधली बाहुली
कधी हात मागे घेत नसे.
वर्षभर तिच्या रबरी दंडात आम्ही सुया खुपसल्या,
त्याआधी मोसंब्यात.
(ती मोसंबी रेश्मा मुजावरने नंतर सोलून खाल्ली,
पाणीच तर टोचलंय म्हणाली.)

वेंगुर्ल्याला पुरुष वॉर्डात
पहिल्या सकाळी
खळ घातलेली कॉलर मानेला कापत होती.
खाट अकरा. बस्त्यांव फर्नांडिस, वय एकाहत्तर,
पायात माशाचा काटा मोडून
घोट्यापर्यंत काळं पडलेलं.
योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग :
सगळं तोंडपाठ.
हात कोणाचा असावा, ते पुस्तकात नव्हतं.

पहिल्यांदा चुकलं.
दुसऱ्यांदा कातडीखाली निळा फुगा आला.
मागे आरोंदेकर सिस्टर
नुसत्या उभ्या.
म्हातारा म्हणाला,
"गो बाय, बघतस कित्याक?
शीर डोळ्यांक गावाची नाय.
काळोखात जाळ्याची गाठ सोडवतत तशी
बोटांनी चेप."

लॉगबुकात तीन रकाने :
पाहिलं. मदत केली. स्वतः केलं.
तिसऱ्यात सही लागते.

रात्री हॉस्टेलच्या खोलीत सहाजणी.
रेश्मा आईला फोनवर फक्त काय जेवलो ते सांगते.
मी हात धुते, परत धुते,
जेवणातल्या सुक्या बांगड्यालाही फिनेलचा वास.
वैशाली तुळसकर रोज बॅग भरते,
पावणेसहाची एस.टी. तिला पाठ आहे,
आणि रोज सकाळी
त्याच बॅगेतून युनिफॉर्म काढून घालते.
आम्ही कोणी काही विचारत नाही.

नवव्या रात्री, चारच्या सुमाराला,
खाट अकरा.
सिस्टरनी पडदा ओढला, मला म्हणाल्या, ये.
पापण्या मिटल्या. कापूस. हनुवटीला पट्टी.
कोमट पाण्याने पुसताना
डावा हात उलटा केला, तर
मी केलेला निळा डाग
पिवळा होत आलेला.
बरा होत होता तो.
तेवढाच.

बाहेर बाकावर त्याचा मुलगा
चप्पल हातात घेऊन बसला होता,
का, ते त्यालाही माहीत नसावं.

सिस्टरनी लॉगबुक मागितलं,
तिसऱ्या रकान्यात सही केली,
तारीख घातली.
"चहा पी. सहाला टेम्परेचर घ्यायचीयत."
मी चहा प्यायले.
साखर जास्त होती, हे आठवतं.

आज खाट अकरावर उभादांड्याचा एक पोरगा,
तापाने फणफणलेला, माझ्याच वयाचा.
माझ्या नावाची पाटी वाचतो,
कु. दर्शना धुरी,
आणि विचारतो, "तुमका जमता मां?"

मी टर्निकेट आवळते.
नजर खिडकीबाहेरच्या सुरूंवर ठेवते,
बोट चेपून धरते
मनगटाच्या वर, जरा आतल्या अंगाला.
काहीतरी उसळतं, निसटतं,
परत येतं.
सुई अजून ट्रेमध्येच आहे.