प्रश्न सातवा

चर्चच्या मागच्या खोलीत, गॅसच्या शेगडीला पाठ करून
आम्ही तिघं बसतो, वर्षातून दोनदा.
आर्ची स्मीटन, निवृत्त खाटीक, हिशेब त्याच्याकडे.
मिसेस टार्विट, अध्यक्ष; ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं.
आणि मी, चिटणीस. चौतीस वर्षं या गावात पत्रं वाटली,
आता अर्ज वाटतो, आणि तेच गोळा करतो.

पैसा एका पिंपवाल्याचा.
हेरिंग भरायची पिंपं बांधता बांधता म्हातारा झाला,
मूलबाळ नाही. जाताना चारशे पौंड ठेवून गेला,
या गावच्या पोरांनी धक्क्यापलीकडचं काहीतरी पाहावं म्हणून.
स्वतः तो धक्क्यापलीकडे कधी गेला नाही.
पिंपं गेली, पार बाल्टिकपर्यंत.

अर्जात सात प्रश्न. सहा सोपे:
नाव, वय, पत्ता, कुठे जायचंय, किती हवेत, घरून किती मिळतील.
सातवा मिसेस टार्विटच्या नवऱ्याने घातलेला;
तो वारल्यावर काढायचा धीर कुणाला होत नाही:
'या अनुभवाने तुमचं चारित्र्य कसं घडेल?'

पोरं काय लिहितात ते मला पाठ झालंय.
आत्मविश्वास. नेतृत्व. संघभावना.
एकाच फळ्यावरून उतरवलेले शब्द,
सगळ्यांच्या अंगाला सारखेच ढगळ.

यंदा केर्स्टी गुर्लेचा अर्ज आला.
वय सतरा, चिप्सच्या दुकानात संध्याकाळची पाळी.
कागदावर तेलाचा डाग, डागातून मागची ओळ दिसत होती.
अकरा दिवस, शिडाच्या जहाजावर, ऑर्कनीला वळसा.
सहाशे दहा पौंड; साठवलेले एकशे नव्वद.
सातव्या प्रश्नापुढे:
'माहीत नाही. जाऊन आल्यावर सांगते.'

आर्ची म्हणाला, उद्धट आहे.
मिसेस टार्विट म्हणाल्या, काय लिहिलंय? मोठ्याने वाच.
वाचलं. पुन्हा वाच, म्हणाल्या.
मग चष्मा काढून पुसत बसल्या, बराच वेळ.
शेगडी फुरफुरत होती.
आर्चीने निमूट चेकबुक काढलं.
चारशे तीस लिहिले, दहा वर.
दुकानातही तो असंच करायचा,
थोडं जास्त तोलायचं आणि दुसरीकडे बघायचं.
'मोज्यांसाठी,' म्हणाला.

ऑगस्टात ती आली, नाक सोललेलं,
तळहातांवर दोरखंडाचे वळ.
अहवाल एक पानी असावा असा नियम. तिचा अर्धंच पान:

'पाच दिवस ओकले. सहाव्या दिवशीही ओकले, पण काम करता करता.
एका मुलीशी भांडले. तिचं बरोबर होतं.
एका रात्री दोन ते चार सुकाणू माझ्याकडे होतं.
खाली एकोणीस माणसं झोपली होती.
वर कोण आहे ते त्यांना माहीत होतं.
तरी झोपली होती.'

सोबत पाकीट. आत तीन पौंड साठ पेन्स
आणि पावती: लोकरी मोजे, सहा पौंड चाळीस.

आर्चीने वही उलटीसुलटी केली.
परत आलेल्या पैशाला रकानाच नव्हता.
शेवटी पट्टी घेऊन त्याने एक आखला,
हात थोडा थरथरत होता, रेघ तिरकी गेली.

नवे अर्ज छापायला द्यायचे होते.
सातवा काढू का, मी विचारलं.
राहू दे, मिसेस टार्विट म्हणाल्या.
फक्त पुढच्या रेघा कमी कर.
पाच कशाला? तिला एक पुरली.

घरी जाताना चिप्सच्या दुकानात शिरलो.
केर्स्टी गल्ल्यापाशी. ओळख दाखवली नाही,
मीही नाही. 'व्हिनेगर?' तिने विचारलं.
वळ आता फिकट झाले होते.

रात्री जाग आली. खिडकीशी गेलो.
धक्क्यावरचा दिवा, त्यापलीकडे नुसता काळोख आणि आवाज.
घड्याळात दोन वाजून गेलेले.
पांघरूण ओढून घेतलं.