एकास वीस

मंगळवारी साडेसहाला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही दोन टेबलं जोडतो,
डुगडुगणाऱ्या पायाखाली घडीचा कागद सरकवतो
आणि वर हिरवं फेल्ट अंथरतो. झालं रान.
नदी मोयराच्या जुन्या पडद्याची.
टेकडी हवी असली
तर फेल्टखाली चार प्रार्थनापुस्तकं.

कार्लाइलमध्ये एकतीस वर्षं मी बस चालवली.
आता माझ्या हुकमात तीनशे बारा शिपाई आहेत,
शिशाचे, बोटाच्या पेराएवढे.
ढाली लाल. तो लाल नक्की कुठला
यावर एका हिवाळ्यात माझं तिघांशी वाजलं.
नियमपुस्तक म्हणतं, एक शिपाई म्हणजे वीस धरायचे.
सहा हजार दोनशे चाळीस!
बसमध्ये साठाच्या वर कधी नव्हते
आणि तेही ऐकत नसत.

समोर मोयरा ब्रेथवेट.
हिची हयात कवळ्या बनवण्यात गेली,
म्हणून हिच्या सरमेशियन घोड्यांना दात आहेत.
खोटं वाटत असेल तर भिंग घ्या.

दान तिलाच पडतं.
माझ्या हातात फासे आले की एक आणि दोन,
आणि डावी फळी पाठ दाखवते,
दर मंगळवारी, त्याच पुलाशी.
मेलेला उचलायचा आणि बिस्किटाच्या झाकणात ठेवायचा.
टिण्‌ असा आवाज होतो.
साडेनऊला सगळे मेलेले उठून
फोमच्या आपापल्या खाचेत जाऊन निजतात.

मी एकदा विचारलं,
एक उचलला की वीस गेले ना?
मग झाकणात एकच कसा?
बाकीचे एकोणीस जातात कुठे?
मोयरा म्हणाली, डोकं खाऊ नकोस, फासे टाक.

मार्चमध्ये लेनर्ड टीझडेलच्या नांगराला
एक गोफणगुंडा लागला.
त्याचं शेत भिंतीला लागून आहे, म्हणजे
भिंतीतले निम्मे दगड त्याच्या गोठ्यात आहेत.
म्युझियमवाल्यांनी उलटसुलट करून पाहिला,
असले नव्वद ट्रेमध्ये पडलेत, ठेवा तुम्हीच, म्हणाले.
लेनर्डने तो मला दिला, अंड्यांच्या खोक्यात घालून.
खारकेएवढा, दोन्हीकडे निमुळता,
एका अंगाला चेपलेला.
म्हणजे लागला होता कशाला तरी.

मोयराने काटा आणला, कवळ्यांचा.
गुंडा त्रेपन्न ग्रॅम.
माझा शिपाई अडीच.
तिने पावतीच्या पाठीवर भागाकार केला:
एकवीस, आणि वर थोडं.
नियमाहून एक जास्त, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.
चहा निवून गेला, त्यावर साय धरली.

हा आमच्याच बाजूने सुटलेला असणार, हे मला ठाऊक होतं.
गोफणवाले माझ्याकडे आहेत, चोवीस,
त्यांतल्या एकाचा हात दोनदा चिकटवलाय.
तिच्याकडे नुसते घोडे,
दात विचकलेले.

मग तिने गुंडा रानात ठेवला, पुलाच्या अलीकडे.
तिथे तो घोड्याहून मोठा दिसला.
नियमात कुठेच बसेना.
टेकडी नव्हे, झाडी नव्हे, शत्रू नव्हे.
शेवटी ठरलं, धोंडा धरायचा,
दोघांनीही वळसा घालून जायचं.
माझी डावी फळी वळसा घालता घालता उशिरा पोचली
आणि त्या दिवशी पहिल्यांदा
पळायला तिला वेळच मिळाला नाही.

शेवटची बस पकडली.
मांडीवर सैन्याचा डबा, गुंडा कोटाच्या खिशात,
तिकडचा खांदा ओढल्यासारखा.
ड्रायव्हर नवा, वळणावर ब्रेक फार दाबतो.
उतारू मोजले, जुनी खोड.
एकोणीस.
कुणी मान वर केली नाही.